पापडांचं हवाई संरक्षण

एप्रिलात आमच्या खानापुरात उन्हापेक्षा वांदरांचा ताप जास्त. हिने उडदाचे पापड लाटले, जुन्या लुगड्यावर गच्चीत पसरले आणि मला हुकूम सोडला, "पेपर वर जाऊन वाचा."

पेपरात काय, पारावर काय, विषय एकच. २०२५ च्या मे महिन्यातल्या भारत-पाक संघर्षापासून आमच्या गल्लीत एस-४०० ही क्षेपणास्त्र यंत्रणा न कळणारा माणूस उरलेला नाही. २०१८ साली रशियाशी पाच स्क्वाड्रनचा करार झाला, चारशे किलोमीटरवरचं विमान पाडतंय, सगळं दूधवाल्यालासुद्धा पाठ. तोच दूधवाला आमच्या कुत्र्याला भिऊन पिशवी गेटबाहेरूनच फेकतो.

शेजारचे सुभेदारकाका बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. त्यांनी कठड्यावरून पाहणी केली. "नुसत्या काठीनं काय होतंय? थर पायजेत, थर! लांबचं एस-४०० बघतंय, त्यातनं सुटलं तर पंचवीस-तीस किलोमीटरवर आपलं 'आकाश' क्षेपणास्त्र, डोक्यावर आलं की तोफा." तेव्हा माझेही थर ठरले: आधी गलोल, मग डबा बडवणे, शेवटी काठी.

पुढे युतीचं निघालं. चार गच्च्यांवर पापड, तर नाटोसारखं करू. एकावर हल्ला झाला की तो सगळ्यांवर. सगळे एका पायावर तयार. नायलॉनच्या जाळ्यासाठी घरटी दोनशे रुपये म्हटल्याबरोबर एकाला भाचीचं लग्न आठवलं, दुसऱ्याला गाडीचा हप्ता. "नाटोत २०१४ ला देशाच्या उत्पन्नातले दोन टक्के संरक्षणावर खर्चायचं ठरलं, सगळ्यांनी लगेच खर्चले काय?" काका म्हणाले. त्यांचेही दोनशे अजून यायचेत.

रडार तेवढं आमचं अव्वल. पलीकडच्या गच्चीवरच्या अक्का. "मंग्या बंदाव रीऽऽ!" म्हणजे वांदरं आली हो. सीमाप्रश्नावर रात्र रात्र भांडणाऱ्या आमच्या गल्लीत ही कन्नड सूचना मराठीतूनच हवी, असा आग्रह आजवर कुणी धरलेला नाही.

गलोलीचा खडा आमच्याच टाकीवर वाजला. डबा खालीच राहिलेला. काठी कैऱ्या पाडायला कालच कुणीतरी नेलेली. मित्रराष्ट्रांनी आतून कड्या घातल्या. एक दांडगा हुप्प्या लुगड्याच्या मधोमध मांडी ठोकून बसला, तशी मी पायातली चप्पल काढून भिरकावली. साडेसातशेची नवीकोरी कोल्हापुरी, दोन रुपयांच्या पापडासाठी! स्वस्तातल्या ड्रोनवर लाखांचं क्षेपणास्त्र उडवणं परवडतं काय, यावर मी आदल्याच संध्याकाळी पारावर हात आपटून बोललो होतो.

नेम चुकला. हुप्प्याने चप्पल उचलली, टाकीवर गेला आणि तिचा अंगठा चावून बघू लागला.

"आता बोलणी करा," काका कठड्यापलीकडून म्हणाले.

दोन पापड पुढे केले. तो उतरला, चप्पल टाकली, पापड घेतले, गेला. हिला मी आकडा कमीच सांगितला.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला स्वारी हजर. पापडांकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. कठड्यावर बसून माझ्या पायांकडे बघत राहिला.