१६ जीबी मेमरी अपुरी पडल्याच्या तक्रारीस आमचे उत्तर

स. न. वि. वि.

आपण आमच्या दुकानाला दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर दोन्ही नीट वाचले. आपले म्हणणे थोडक्यात असे, की जून २०२५ मध्ये आमच्याकडून फोटो एडिटिंगसाठी जोडून घेतलेला संगणक लग्नसराई सुरू होताच रेंगाळू लागला, "मेमरी पुढे कधीही वाढवता येईल" (मेमरी म्हणजे चालू काम धरून ठेवणारी रॅम) असे आम्ही सांगितले होते, आणि प्रत्यक्षात वाढवायला आलात तेव्हा दोन्ही स्लॉट, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या बसवण्याच्या खाचा, भरलेले निघाले व नव्या मेमरीचा भाव पावतीवरील भावाच्या दुपटीहून अधिक सांगण्यात आला. यावरून आम्ही मुद्दाम कमी मेमरी घालून नंतर पैसे काढण्याची सोय केली, असा निष्कर्ष आपण काढला आहे. तो आम्हांला मान्य नाही, पण त्यामागच्या तीन गोष्टींपैकी दोन खऱ्या आहेत, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

चूक आमची कुठे झाली ते आधी सांगतो. आपल्या ऑर्डरच्या कागदावर आमच्या माणसाने "उपयोग : फोटो एडिटिंग" एवढेच लिहिले आणि त्यापुढे १६ जीबी असा आकडा टाकला. फोटोशॉपसाठी अ‍ॅडोबी कमीत कमी ८ जीबी सांगते आणि १६ जीबीची शिफारस करते, त्यामुळे तो आकडा निराधार नव्हता. मात्र ती शिफारस त्या एका सॉफ्टवेअरपुरती असते, आणि लग्नाचे काम करणारा छायाचित्रकार एकच सॉफ्टवेअर उघडून कधीच बसत नाही, हे इतकी वर्षे या धंद्यात राहून आम्हांला कळायला हवे होते. एका वेळी काय काय उघडे असते, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे, अल्बम स्वतः डिझाइन करता की बाहेर देता, हे तीन प्रश्न विचारले असते तर कागदावर ३२ आले असते.

गेल्या आठवड्यात आपण संगणक दुकानात आणून ठेवलात तेव्हा आम्ही आपल्याच फायलींवर, आपल्याच सवयीप्रमाणे काम करून पाहिले. लाइटरूम क्लासिक या फोटो निवडण्या-सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हळदीचे आणि लग्नाचे फोटो, फोटोशॉपमध्ये अल्बमच्या तीन शीट, क्रोममध्ये चाळीसच्या आसपास टॅब आणि त्यातच व्हॉट्सअ‍ॅप वेब, असे सारे उघडल्यावर टास्क मॅनेजर या विंडोजच्या मेमरी-वापर दाखवणाऱ्या खिडकीत मेमरी ९५ टक्क्यांवर गेली. पण खरी गोष्ट त्या टक्क्यांत नव्हती. त्याच पानावर खाली "कमिटेड" असा एक आकडा असतो, म्हणजे सर्व प्रोग्रामांनी मिळून मागितलेली मेमरी, आणि तो २३ जीबीच्या पुढे होता. ज्या यंत्रात १६ आहेत तिथे २३ ची मागणी आली की उरलेला भार विंडोजला डिस्कवर टाकावा लागतो. डीडीआर५ ५६०० या प्रकारच्या मेमरीच्या दोन स्टिकची (पट्ट्यांची) जोडी सेकंदाला सुमारे ९० जीबी माहिती हलवू शकते, चांगली एनव्हीएमई एसएसडी (चिपवर माहिती ठेवणारी वेगवान डिस्क) पाच ते सात, आणि साधी हार्डडिस्क जेमतेम दीडशे-दोनशे एमबी. पंगतीत जागा नाही म्हणून जेवणाऱ्याला अर्ध्यातून उठवून दुसऱ्याला बसवावे आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्याला बोलवावे, तसा हा प्रकार असतो. लाइटरूममधून फोटोशॉपमध्ये जाताना पाच-सात सेकंद पडदा गोठतो असे आपण लिहिले आहे, ते याचमुळे.

इतकी मेमरी जाते कुठे, असाही प्रश्न आपण विचारला आहे, कारण आपली रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) २५-३० एमबीचीच असते. फाइल डिस्कवर दाबून ठेवलेली असते, उघडल्यावर ती मोकळी होते. आपल्या कॅमेऱ्याच्या ६००० गुणिले ४००० पिक्सेलच्या फोटोत २ कोटी ४० लाख पिक्सेल असतात, प्रत्येकात तीन रंग आणि १६ बिटमध्ये दर रंगाला दोन बाइट, म्हणजे एक फोटो एका लेयरवर (थरावर) सुमारे १४४ एमबी घेतो. अल्बमची १२ बाय ३६ इंचाची शीट ३०० डीपीआयवर १०८०० गुणिले ३६०० पिक्सेलची होते, आणि ८ बिटमध्येही तिचा पूर्ण भरलेला एक लेयर ११७ एमबीच्या आसपास जातो. आपल्या तयार टेम्प्लेटमध्ये पार्श्वभूमी, फुलांची नक्षी, सावल्या, मास्क आणि स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून बसवलेले मूळ फोटो असे पंधरा-वीस लेयर आहेत. त्यावर फोटोशॉप मागच्या ५० पायऱ्या लक्षात ठेवते, हे वेगळेच. अशा तीन शीट एकदम उघड्या ठेवल्या की उरते काय, ते आपणच पाहिलेत.

सगळा दोष मेमरीवर ढकलणेही बरोबर नाही. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क, म्हणजे मेमरी अपुरी पडली की ते वापरते ती डिस्कवरची जागा, आपल्या यंत्रात हार्डडिस्कवर लावलेली होती आणि एसएसडी लाइटरूमच्या प्रिव्ह्यूंनी (फोटो झटपट दाखवण्यासाठी केलेल्या प्रतींनी) काठोकाठ भरलेली होती. स्क्रॅच डिस्क आम्ही एसएसडीवर आणली, जुन्या लग्नांचे प्रिव्ह्यू काढून तिथे जागा केली आणि फोटोशॉपला दिलेला मेमरीचा वाटा ७० वरून ५५ टक्क्यांवर आणला, म्हणजे लाइटरूमचा श्वास कोंडणार नाही. एवढ्यानेच गोठण्याचा वेळ बराच खाली आला, आणि हे करताना आपण समोर होतात. एआय डिनॉइझला (फोटोतले रवाळ ठिपके काढण्याला) लागणारा वेळ मात्र ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असतो आणि एक्सपोर्टचा बराचसा प्रोसेसरवर, त्यामुळे ती दोन कामे मेमरी दुप्पट केली तरी फारशी लवकर होणार नाहीत. आपल्या मित्राने ६४ जीबीशिवाय गत्यंतर नाही असे सांगितल्याचे आपण लिहिले आहे. तो व्हिडिओ एडिटिंग करत असेल तर त्याच्यासाठी ते खरे असेल. आपल्या कामाला त्याची गरज नाही आणि आजच्या भावात तो सल्ला आम्ही तरी देणार नाही.

आता स्लॉटचा प्रश्न. ८ जीबीच्या दोन स्टिक घातल्या, कारण जोडीने बसलेली मेमरी एकट्या स्टिकपेक्षा दुप्पट रुंद वाटेने चालते, आणि प्रोसेसरच्या अंगचे ग्राफिक्स वापरणाऱ्या यंत्रात त्याचा फरक ठळक दिसतो. पण आपण वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले होते आणि आपल्या बजेटमध्ये बसलेल्या मदरबोर्डला दोनच स्लॉट होते. अशा वेळी १६ जीबीची एकच स्टिक घालून दुसरा स्लॉट मोकळा सोडणे अधिक शहाणपणाचे ठरले असते. आम्ही सवयीने जोडी घातली आणि वर "पुढे वाढवता येईल" असेही म्हणालो. वाढवता येते, पण आधीची काढून, हे वाक्य आमच्या माणसाने गिळले. याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. लॅपटॉप घेणाऱ्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो, कारण तिथे मेमरी पुष्कळदा बोर्डावरच पक्की केलेली असते. डेस्कटॉपच्या बाबतीत आम्ही गाफील राहिलो.

भावाचा आरोप तेवढा आम्ही स्वीकारणार नाही. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मेमरीचे भाव जगभर चढले. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतांश डीरॅम (संगणकाच्या मेमरीच्या चिप) बनवतात, आणि एआयच्या सर्व्हरसाठी लागणाऱ्या मेमरीत अधिक नफा असल्यामुळे त्यांचे उत्पादन तिकडे वळले. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी क्रुशिअल या नावाने चालणारा ग्राहकांसाठीचा व्यवसायच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. जूनमध्ये हे आम्हांला दिसले असते तर आपल्याला ३२ जीबी घ्यायला लावलीच असती, आणि आमच्या दुकानासाठीही चार पेट्या भरून ठेवल्या असत्या. आम्ही आज सांगितलेला भाव आणि आमच्या खरेदीचे बिल, दोन्ही दुकानात दाखवायला तयार आहोत.

त्यामुळे पुढील दोन मार्ग सुचवतो. पहिला मार्ग १६ जीबीच्या दोन स्टिकचा : त्या आम्ही खरेदीच्या भावाने, आमचा नफा न धरता देऊ आणि आपल्या ८ जीबीच्या दोन्ही स्टिक आजच्या बाजारभावाने परत घेऊ. भाव चढल्याचा एवढा तरी फायदा आपल्या पदरात पडावा, कारण त्या जुन्या स्टिकनाही आज चांगली किंमत आहे. दुसरा मार्ग कमी खर्चाचा आहे : एक ८ जीबीची स्टिक काढून तिथे १६ जीबीची एकच स्टिक बसवायची, म्हणजे एकूण २४ जीबी होईल. ही जोडी विषम असल्यामुळे मेमरीचा काही भाग एकेरी वाटेने चालेल, पण आपली मागणी २३ च्या आसपास असल्याने डिस्कवर जाण्याची वेळ क्वचित येईल, आणि अल्बम करताना क्रोम बंद ठेवलेत तर बहुधा येणारच नाही. वेगवेगळ्या स्टिक एकत्र नांदतात की नाही ते आधी सांगता येत नाही, म्हणून मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवून एकही चूक निघाली नाही तरच यंत्र आपल्या हाती देऊ. आम्हांला विचाराल तर या सराईपुरते २४ जीबीवर भागवावे आणि भाव उतरले की जोडी पूर्ण करावी. मेमरी दुसरीकडे स्वस्त मिळाली तर तिथून घ्या, बसवण्याचे पैसे घेणार नाही.

तारे वाढवावेत अशी विनंती करत नाही, ते आपल्या अनुभवावर ठरू द्या. आमच्या ऑर्डरच्या कागदावर वर सांगितलेले तीन प्रश्न आणि "मोकळे स्लॉट किती" असा एक रकाना कालपासून छापला आहे. यंत्र संध्याकाळी आणून ठेवलेत तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत मिळेल. आणण्यापूर्वी लाइटरूमच्या कॅटलॉगची (फोटोंची यादी व त्यांवरील बदलांच्या नोंदीची) एक प्रत बाहेरच्या डिस्कवर अवश्य काढून ठेवा, आणि लग्नाची तारीख असलेल्या दिवशी आणू नका.

आपला,
दुकानमालक