थिआगो सिल्वा : एका छायाचित्रावरून ठरवलेली कारकीर्द

ब्राझीलचा मध्य बचावपटू थिआगो सिल्वा याच्याविषयी एक मत समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरते आहे. हा मनाने कच्चा कर्णधार, २०१४ च्या घरच्या विश्वचषकात पेनल्टीच्या वेळी रडत बसला. ऐन उमेदीची आठ वर्षे त्याने पैशासाठी फ्रान्सच्या दुबळ्या लीगमध्ये घालवली. मोठ्या सामन्यात तो हमखास कच खातो. आणि चेल्सी या इंग्लिश क्लबकडून खेळताना २०२१ चा चॅम्पियन्स लीग चषक, म्हणजे युरोपातील क्लबांचा सर्वोच्च चषक, त्याला इतरांच्या जिवावर मिळाला, असा त्या मताचा आशय आहे. यातल्या प्रत्येक विधानामागे एखादी खरी घटना आहे, म्हणूनच ते लोकांना पटते. मात्र त्या घटनेच्या मागचे-पुढचे गाळल्याशिवाय यातला एकही निष्कर्ष उभा राहत नाही.

सुरुवात अश्रूंपासून करावी लागेल. २८ जून २०१४ रोजी बेलो होरिझोंते येथे चिलीविरुद्धचा सामना १२० मिनिटांनंतर १-१ असा बरोबरीत राहिला, तेव्हा सिल्वा सहकाऱ्यांपासून दूर जाऊन चेंडूवर बसला, त्याला रडू आवरले नाही आणि पेनल्टी मारणाऱ्यांच्या यादीत आपले नाव शेवटी ठेवावे असे त्याने प्रशिक्षकांना सांगितले. ही शेवटची गोष्ट मलाही खटकते, कारण कर्णधाराने पहिल्या पाचांत उभे राहायला हवे होते. पण अश्रू हाच दुबळेपणाचा पुरावा मानायचा, तर गोलरक्षक ज्युलिओ सीझरचे काय करायचे? त्याच शूटआऊटपूर्वी त्याचेही डोळे भरून आले होते आणि त्यानंतर त्याने चिलीच्या दोन पेनल्टी अडवल्या. त्याला कोणी रडका म्हणत नाही.

सहा दिवसांनी फोर्तालेझाला कोलंबियाविरुद्ध सातव्याच मिनिटाला नेमारच्या कॉर्नरवर दूरच्या खांबापाशी पोहोचून पहिला गोल केला तो सिल्वानेच. त्याची खरी चूक याच सामन्याच्या उत्तरार्धात झाली. कोलंबियाचा गोलरक्षक ओस्पिना हातातला चेंडू मैदानात मारायच्या बेतात असताना सिल्वा विनाकारण त्याच्या आड गेला, स्पर्धेतले दुसरे पिवळे कार्ड त्याला मिळाले आणि तो उपांत्य फेरीला मुकला. टीकाच करायची, तर या कार्डावर करावी. तो खेळलेल्या पहिल्या पाच सामन्यांत ब्राझीलवर चार गोल झाले होते; तो नसताना जर्मनीने एकाच सामन्यात सात केले. तो असता तर निकाल फिरला असता असा दावा मी करत नाही, कारण त्या दिवशी नेमारही जायबंदी होता आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध परतलेल्या सिल्वाने सुरुवातीलाच रॉबेनला पाडून पेनल्टी ओढवून घेतली होती. तरीही ७-१ च्या पराभवाचा चेहरा म्हणून, त्या सामन्यात नसलेल्या खेळाडूचे छायाचित्र वापरणे हा सरळ अन्याय आहे.

‘मनाने कच्चा’ म्हणणाऱ्यांनी २००५ कडेही पाहायला हवे. पोर्तुगालच्या पोर्तो क्लबच्या ‘ब’ संघातून रशियाच्या डायनॅमो मॉस्को क्लबकडे गेलेल्या या तरुणाला क्षयरोग झाल्याचे निदान झाले, कित्येक महिने त्याला रुग्णालयात काढावे लागले आणि त्या क्लबकडून एकही अधिकृत सामना न खेळता तो मायदेशी परतला. २००६ मध्ये ब्राझीलच्या फ्लुमिनेन्स क्लबने त्याला पुन्हा उभे केले, २००७ मध्ये त्याने त्यांच्यासोबत ब्राझीलचा राष्ट्रीय चषक जिंकला आणि २००८ च्या अखेरीस इटलीच्या एसी मिलानने त्याला करारबद्ध केले.

फ्रान्सच्या लीगबाबतचा आक्षेप अर्धाच खरा आहे. पॅरिस सेंट-जर्मेनच्या पैशापुढे बाकीचे क्लब तोकडे पडत होते, हे कबूल. पण तिथे जाण्याआधी सिल्वाने इटलीत, नेस्टासारख्या बचावपटूच्या शेजारी उभे राहून २०१०-११ ची लीग जिंकली होती, आणि त्या मोसमात मिलानने ३८ सामन्यांत केवळ २४ गोल स्वीकारले होते. २०१२ च्या उन्हाळ्यात मिलानशी नवा करार केल्यावर काही दिवसांतच त्याला आणि आघाडीवीर इब्राहिमोविचला पॅरिसला विकले गेले, यामागे क्लबची आर्थिक गरज होती. त्यामुळे ‘पैशासाठी पळाला’ हे म्हणणे टिकत नाही.

मोठ्या सामन्यांचा मुद्दा सर्वांत जास्त फिरतो आणि तोच सर्वांत कमी तपासला जातो. ११ मार्च २०१५ ला चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत, चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर इब्राहिमोविचला ३१ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळाल्यामुळे पॅरिसचा संघ दहा जणांनी खेळत होता. जादा वेळेत चेंडू सिल्वाच्या हाताला लागला, चेल्सीला पेनल्टी मिळाली आणि हझार्डने ती साधली. कच खाणारा खेळाडू इथेच संपला असता. सिल्वा मात्र प्रत्येक कॉर्नरला पुढे जात राहिला आणि ११४ व्या मिनिटाला त्याने मारलेला उंच हेडर चेल्सीचा गोलरक्षक कोर्त्वा याच्या डोक्यावरून जाळ्यात उतरला. पॅरिसमधली पहिली लढत १-१ अशी सुटली होती; त्यामुळे या २-२ च्या बरोबरीनंतर, दोन लढतींची बेरीज सारखी असल्यास परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जातो या तेव्हाच्या नियमानुसार, पॅरिस पुढे गेले. याच्या उलट २०१७ मध्ये बार्सिलोनाकडून झालेला ६-१ चा पराभव आहे. पहिली लढत ४-० ने जिंकली तेव्हा तो दुखापतीमुळे बाहेर होता, दुसरीत मैदानावर होता आणि संपूर्ण बचावफळी आपल्याच गोलपाशी दबून खेळली. त्या रात्रीचा दोष कर्णधार म्हणून त्याच्याकडे जातोच. पण ‘हमखास’ हा शब्द या दोन रात्री शेजारी ठेवल्यावर गळून पडतो.

राहिला २०२१ चा चषक. पोर्तो शहरात झालेल्या अंतिम सामन्यात सिल्वा दुखापतीमुळे ३९ व्या मिनिटाला बाहेर गेला, एवढेच सांगितले जाते. त्याआधी उपांत्य फेरीत रेआल माद्रिदविरुद्धच्या दोन्ही लढतींत तीन बचावपटूंच्या मधोमध तोच होता आणि त्या १८० मिनिटांत चेल्सीवर एकच गोल झाला, हे मात्र कोणी सांगत नाही. त्याच मोसमात वेस्ट ब्रॉमविरुद्ध पदार्पणाच्या लीग सामन्यात त्याच्या चुकीने गोल झाला होता आणि परतीच्या सामन्यात त्याला लाल कार्ड मिळाले होते. इतके होऊनही प्रशिक्षक टुकेल यांनी महत्त्वाच्या सामन्यांसाठी त्याचीच निवड केली. पॅरिसमध्ये त्यांनी त्याला दोन वर्षांहून अधिक काळ जवळून पाहिले होते. पस्तिशीत चेल्सीत आलेला हा खेळाडू तिथे चार मोसम टिकला आणि १५५ सामने खेळला.

अलीकडे या मताला एक शेपूट जोडले गेले आहे, की तो फ्लुमिनेन्समध्ये निवृत्तीचे दिवस काढायला गेला. २०२४ च्या मध्यावर तो परतला तेव्हा तो क्लब ब्राझीलच्या लीगमध्ये तळाशी होता आणि मोसमाअखेर पहिल्या श्रेणीत टिकला. पुढच्या वर्षी अमेरिकेतील क्लब विश्वचषकात चाळिशीच्या सिल्वाच्या नेतृत्वाखाली त्याच संघाने इंटर मिलानला २-० ने हरवले, अल हिलाललाही मागे टाकले आणि उपांत्य फेरीत तो चेल्सीकडून २-० ने हरला.