भाषा काय करू देते, यापेक्षा ती काय अडवते : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रोग्रॅमिंगची भाषा काय करू देते यापेक्षा ती काय अडवते हे महत्त्वाचं, या माझ्या म्हणण्यावरच्या परखड प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा, की सगळ्या भाषा ट्युरिंग-कम्प्लीट आहेत, म्हणजे कुठलंही गणन त्यांत मांडता येतं; एकीत जमतं ते दुसरीतही जमतं. मग पॅराडाइमचा, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याच्या शैलींचा, काथ्याकूट कशाला? शिवाय टाइप (व्हॅल्यू कोणत्या प्रकारची आहे हे) आधी लिहून द्यावे लागत नसल्यामुळे पायथनचं काही अडलेलं नाही.

असेंब्लीतही, म्हणजे थेट यंत्राच्या सूचनांच्या भाषेतही, सगळंच लिहिता येतं. त्यामुळे ट्युरिंग-कम्प्लीट असण्यावरून भाषेच्या रचनेबद्दल काहीच कळत नाही. मला विचारायचं आहे ते वेगळंच : माझी चूक कोण पकडणार, आणि कधी?

जावाचे ॲरे, म्हणजे एकाच प्रकारच्या व्हॅल्यूंच्या रांगा, पाहा. स्ट्रिंगचा (मजकुराचा) ॲरे तिथे ऑब्जेक्टचा (कुठल्याही वस्तूचा) ॲरे म्हणून खपतो. मग त्यात इंटिजर (पूर्णांक) टाकला तरी कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधी कोड तपासून भाषांतरित करणारं टूल, हूं की चूं करत नाही; प्रोग्रॅम चालताना मात्र ॲरे-स्टोअर-एक्सेप्शन ही एरर येते. हा निर्णय काही निष्काळजीपणे घेतलेला नव्हता. सुरुवातीच्या जावात जेनेरिक्स (‘अमुक टाइपची लिस्ट’ असं सांगण्याची सोय) नव्हते आणि कुठल्याही ऑब्जेक्टच्या ॲरेवर चालेल अशी एकच मेथड (कोडचा पुन्हा वापरता येणारा तुकडा) लिहिता यायला हवी होती. 2004 साली जेनेरिक्स आले, तेव्हा स्ट्रिंगची लिस्ट ऑब्जेक्टच्या लिस्टच्या जागी देणं कंपायलरने नाकारलं. ॲरे मात्र तसेच राहिले, कारण तोवर लिहिलेला कोड मोडून चालणार नव्हतं. म्हणून अशा ॲरेत काही ठेवताना टाइपची तपासणी आजही रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालताना, करावी लागते. भाषेत एकदा दिलेली मोकळीक परत घेता येत नाही, म्हणूनच मला हे निर्णय इतके महत्त्वाचे वाटतात.

नलचंही तेच. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965 मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेत नल रेफरन्स (‘इथे काहीच नाही’ असं दाखवणारी खूण) आणला, कारण तो अमलात आणणं सोपं होतं. 2009 मध्ये त्यांनीच त्याला आपली अब्जावधी डॉलरची चूक म्हटलं. कॉटलिन आणि स्विफ्ट या नव्या भाषांमध्ये ‘इथे काही नसू शकतं’ हे टाइपमध्येच सांगावं लागतं, आणि ती शक्यता हाताळल्याशिवाय कंपायलर सहसा पुढे जाऊ देत नाही.

अशा बंधनांची किंमत मोजावी लागते, हे मी नाकारत नाही. रस्ट या कडक तपासणीच्या भाषेत साधी दुहेरी लिंक्ड लिस्ट (जिच्यातला प्रत्येक घटक मागच्या आणि पुढच्या घटकाशी जोडलेला असतो) लिहायला बसा. बरोबर असलेला प्रोग्रॅमही कंपायलर अडवतो, कारण तो बरोबर आहे हे त्याला सिद्ध करता येत नाही. तुम्ही या अंगाने टीका केली असती, तर मला जास्त विचार करावा लागला असता.

फंक्शनल, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड अशी लेबलं लावून भाषांच्या वाटण्या करू नयेत, हे तुमचं म्हणणं पटतं. 2014 मध्ये जावातही लॅम्डा (फंक्शनल शैलीतली बिननावाची फंक्शन्स) आले. पण ‘एकदा दिलेली व्हॅल्यू बदलणार नाही’ या हमीचं मोल लेबलांपलीकडचं आहे. ती हमी असेल, तर दोन थ्रेडना (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या दोन भागांना) तोच डेटा लॉकशिवाय, म्हणजे एकमेकांना थांबवून न ठेवता, निर्धास्तपणे वाचता येतो.

राहिला पायथन. 2015 च्या 3.5 आवृत्तीत टाइप हिंट्ससाठी (कोडमध्ये टाइप नोंदवणाऱ्या ऐच्छिक सूचनांसाठी) टायपिंग मॉड्यूल आलं. पायथनचा कोड चालवणारा इंटरप्रिटर त्या हिंट्स तपासत नाही. तपासणीसाठी मायपायसारखं वेगळं टूल चालवावं लागतं. कोड वाढत गेला तशी कंपायलरसारख्या तपासणीची गरज पायथनवाल्यांनाही भासली आणि त्यांनी ती बाहेरून जोडून घेतली.