पैसे उडाले ते पेन्सिलीवर

काही मेसेज गवतासारखे असतात. उपटले तरी पावसाळ्यात परत उगवतात. हा त्यातलाच: "अंतराळात पेन चालत नाही म्हणून नासाने लाखो डॉलर खर्चून खास पेन तयार केलं. रशियनांनी काय केलं? सरळ पेन्सिल वापरली!" खाली हसून लोळणारे चेहरे. २००९ सालच्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातही हाच प्रश्न प्राचार्यांना निरुत्तर करतो. चित्रपटाच्या शेवटी पेन्सिल का चालत नाही याचं उत्तर मिळतं, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

या वेळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो शेपूट घेऊन आला. "तरी नासाचे उपकार माना, वेल्क्रो, टेफ्लॉन आणि टँग त्यांच्याच प्रयोगशाळेतून आले." (वेल्क्रो म्हणजे बुटा-बॅगांवरची चिकटणारी पट्टी, टेफ्लॉन म्हणजे न चिकटणाऱ्या तव्याचा लेप, टँग म्हणजे पाण्यात कालवायची सरबताची पूड.) म्हणजे एकाच मेसेजात नासा बिनडोकही आणि विश्वकर्माही! एकेक घेऊ.

पहिलं, "नासाने पेन तयार केलं." नाही केलं. ते तयार केलं पॉल फिशर नावाच्या अमेरिकी पेन-कारखानदाराने, स्वतःच्या कंपनीचे सुमारे दहा लाख डॉलर घालून. पेटंट १९६६ सालचं. नासाने त्याला ना काम सांगितलं होतं, ना पैसे दिले होते. साध्या बॉलपेनात शाई स्वतःच्या वजनाने टोकाच्या गोळीकडे उतरते. फिशरच्या कांडीत, म्हणजे रिफिलमध्ये, मागून दाबाखालचा नायट्रोजन भरलेला असतो आणि तो शाईला पुढे रेटतो. शाई दाबाने बाहेर गळू नये म्हणून ती घट्ट ठेवलेली. गोळी फिरली की, दही घुसळल्यावर सैल पडतं तशी, ती पातळ होते आणि कागदावर उतरते. पेन उलटं धरा, पाण्याखाली धरा, लिहितं.

दुसरं, "लाखो डॉलर." नासाने या पेनची जवळजवळ दोन वर्षं परीक्षा घेतली आणि मग चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो मोहिमांसाठी सुमारे ४०० पेनं घेतली. ठोक भावात, एकाला २ डॉलर ३९ सेंट. ऑक्टोबर १९६८ मध्ये अपोलो ७ बरोबर ती पहिल्यांदा वर गेली. फिशरचा फायदा वेगळाच होता. 'अंतराळवीरांचं पेन' म्हणून तो ते पुढे वर्षानुवर्षं दुकानांत विकू शकला. धंदा त्याला चांगला कळत होता.

उधळपट्टी झाली होती, तीही लिहिण्याच्या साधनावरच, पण पेनवर नव्हे. १९६५ मध्ये, अपोलोच्या आधीच्या जेमिनी मोहिमांसाठी नासाने ह्यूस्टनच्या एका कंपनीकडून ३४ यांत्रिक पेन्सिली घेतल्या. बिल झालं ४,३८२ डॉलर ५० सेंट, म्हणजे एका पेन्सिलीला जवळपास १२९ डॉलर! बातमी फुटली, करदाते भडकले आणि नासाला स्वस्त पर्याय शोधणं भाग पडलं. फिशरच्या पेनला दार उघडलं ते इथे. मेसेजवाल्यांनी वरची गोष्ट नेमकी उलटी करून ठेवली आहे.

तिसरं, "रशियनांनी पेन्सिल वापरली." वापरली, खरं आहे. पण तेव्हा अमेरिकनही पेन्सिलच वापरत होते, हे आत्ताच पाहिलं. सोव्हिएत अंतराळवीरांकडे असायची ती मेणचट ग्रीस पेन्सिल. ती टोकदार राहत नाही, फरकाटते, आणि कागदी वेष्टन सोलत जावं लागतं. तो सोललेला कागद केबिनमध्ये तरंगत राहतो. म्हणून फेब्रुवारी १९६९ मध्ये सोव्हिएत संघाने काय केलं? फिशरकडूनच १०० पेनं आणि १,००० कांड्या विकत घेतल्या. भाव नासाला लावला तोच. शीतयुद्ध ऐन भरात असताना एकाच दुकानातून दोघांचं सामान!

चौथं, "पेन्सिलने काय बिघडतं?" या प्रश्नाची मात्र मी खिल्ली उडवणार नाही, कारण जमिनीवर राहणाऱ्याला हाच प्रश्न सुचणार. शाळेत पेन्सिलीचं टोक मोडलं तर ते बाकाखाली पडायचं. तिथे ते पडतच नाही. डोळ्यात जाईल, नाकात जाईल, नाहीतर एखाद्या पॅनेलच्या फटीत. शिसपेन्सिल म्हणतो आपण, पण तिच्यात शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. एक कण चुकीच्या दोन तारांमध्ये अडकला की शॉर्टसर्किट. शिवाय पेन्सिलीचं लाकूड जळतं.

जळण्याचं भय कागदावरचं नव्हतं. २७ जानेवारी १९६७ ला जमिनीवरच, सरावाच्या वेळी, अपोलो १ च्या केबिनमध्ये आग लागली. आत शुद्ध प्राणवायू दाबाखाली भरलेला, दार आतल्या बाजूला उघडणारं. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी तिघेही गेले. त्या केबिनमध्ये नायलॉनच्या वेल्क्रोचे बरेच तुकडे लावलेले होते आणि शुद्ध प्राणवायूत ते भराभर पेटले. त्यानंतर आत नेण्याच्या प्रत्येक वस्तूकडे 'ही पेटेल का?' याच नजरेने पाहिलं जाऊ लागलं. पेन्सिल त्या नजरेतून कशी सुटणार?

मेसेजातलं पाचवं गृहीत, साधं पेन अंतराळात चालतच नाही, हेही पूर्ण खरं नाही. स्पॅनिश अंतराळवीर पेद्रो दूके याने २००३ मध्ये अंतराळ स्थानकावर साध्या स्वस्त बॉलपेनने लिहून पाहिलं आणि ते छान चाललं. फिशरच्या पेनचा मोठेपणा कडक थंडीत, उष्णतेत आणि निर्वातातही दगा न देण्यात आहे, एवढंच म्हणावं. हा मुद्दा माझ्या बाजूला थोडा गैरसोयीचा आहे, पण असो.

आता शेपूट. इथे फक्त तारखा पाहिल्या तरी पुरतं. नासाचं काम सुरू झालं १ ऑक्टोबर १९५८ ला. टेफ्लॉन सापडलं ६ एप्रिल १९३८ ला, ड्यूपाँट कंपनीच्या रॉय प्लंकेटला, तेही अपघाताने. वायूची टाकी उघडली तर वायू येईना, वजन तर तेवढंच. कापून पाहिली तर आत पांढरी भुकटी. तव्यावर ते बसवलं १९५०च्या दशकात मार्क ग्रेग्वार या फ्रेंच माणसाने. वेल्क्रो स्वित्झर्लंडच्या जॉर्ज दे मेस्त्रालचं. १९४१ मध्ये शिकारीहून परतताना कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यांचे आकडे पाहिले. आपल्याकडे आघाडा पिढ्यान्‌पिढ्या धोतर-लुगड्यांना चिकटत आलाय, पण आपण तो झटकून मोकळे झालो. टँग जनरल फूड्स कंपनीचं, १९५७ मधलं. दुकानात ते फारसं खपत नव्हतं, जेमिनीच्या अंतराळवीरांनी प्यायल्यावर खपलं. नासा या तिन्हींची गिऱ्हाईक. हां, मोठी गिऱ्हाईक. आगीनंतर अपोलोच्या पोशाखांचं बाहेरचं कापड टेफ्लॉन चढवलेल्या काचतंतूंचं झालं आणि ते चंद्रावर जाऊन आलं.

आणि ज्यांच्या पेन्सिलीचं एवढं कौतुक चाललंय, त्यांच्या पहिल्याच मानवी उड्डाणाची हकिकत. १२ एप्रिल १९६१. युरी गागारिन व्होस्तोक यानात वहीत नोंदी करत होता. पेन्सिल तरंगून जाऊ नये म्हणून अडकवून ठेवली होती, पण तिचा स्क्रू ढिला झाला आणि ती गेली. परतल्यावर त्याने अहवालात सरळ सांगितलं: लिहायला काही उरलं नाही, म्हणून वही मिटून खिशात टाकली. पुढचं सगळं तो टेपरेकॉर्डरवर बोलला.