गाभोळी बारमाही, म्हणून वीणही बारमाही?

मासेमारी बंदीबद्दल मी लिहिलं होतं, की माशांची वीण हॉर्मोनच्या ऋतुचक्राने ठरते. त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं, की दादरच्या मंडईत जानेवारीतही गाभोळीचे, म्हणजे पोटात अंडी असलेले, मासे मिळतात. तेव्हा १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीला विणीचं कारण जोडणं खोटं, आणि ते ऋतुचक्र निव्वळ पुस्तकी.

जानेवारीत गाभोळी दिसते, खरंच. पण गाभोळी दिसली म्हणजे मासा अंडी घालायला आला, असं होत नाही. ती भरायलाच कित्येक आठवडे लागतात, काही माशांत महिने. मेंदूकडून इशारा आला की त्याच्या तळाशी असलेली पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी कामाला लागते, अंडाशयात इस्ट्राडिऑल हे मादीचं हॉर्मोन वाढतं, रक्तातून ते यकृतात पोचतं आणि यकृत व्हिटेलोजेनिन हे प्रथिन बनवू लागतं. त्याचाच अंड्यात बलक होतो. आपण तळून खातो तो बराचसा हा साठा. वीण जवळ आली की सगळं पालटतं: पियुषिकेतून एलएच हे दुसरं हॉर्मोन एकदम उसळतं, इस्ट्राडिऑल उतरतं, आणि अंडं पक्व करणारं वेगळंच स्टेरॉइड तयार होतं. गोड्या पाण्यातल्या शिंगी माशात हे स्वच्छ दिसतं. दिवस मोठा झाला, पाणी तापलं की इस्ट्राडिऑल चढतं. जुलै-ऑगस्टच्या विणीपर्यंत ते घसरलेलं असतं.

आणि पुस्तकाबाहेरचा पुरावा हवा असेल तर तळ्यातले रोहू-कटला बघा. पोट गाभोळीने टच्च, तरी साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्याच पियुषिकेचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवून आणली. गाभोळी आधीपासून होतीच, अडलं होतं ते हॉर्मोनच्या त्या शेवटच्या उसळीपाशी. ठाणे-रायगडात पहिल्या पावसाला शेतात चढणाऱ्या वळगणीच्या माशांना ती उसळी पावसाच्या नव्या पाण्यातच मिळते.

तुमच्या एका मुद्द्याला मात्र माझी पूर्ण संमती आहे. समुद्रातल्या सगळ्या जातींना एकच तारीख लागू पडत नाही. बोंबील वर्षातला बराच काळ विणतो. शिवाय बंदीला खवळलेल्या समुद्राचंही कारण आहे, ते मी लिहायला हवं तितकं लिहिलं नव्हतं. पण त्यावरून विणीचं कारणच खोटं ठरत नाही.

पुढच्या वेळी गाभोळी घरी आणलीत की दाणे उजेडात धरून बघा. दाणे अपारदर्शक, पिवळट असतील तर बलक अजून भरतोय किंवा नुकता भरलाय. पाणी शोषून फुगलेले, काचेसारखे दिसले तर समुद्रातल्या बऱ्याच माशांत वीण अगदी तोंडावर आलेली असते. मासा कोणता आणि महिना कोणता, तेवढं इथेच कळवा.