‘बाळंतपणानंतर लघवी निसटणारच’ सांगणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

"प्रत्येक गरोदर बाईने वाचावं" असं वर लिहिलेला एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. माझ्या धाकट्या बहिणीला तो वेगवेगळ्या ग्रुपवरून आला आणि तिने मला पाठवून विचारलं, ताई, मग मी फिजिओकडे जाणं बंद करू का? तिचं बाळ अजून लहान आहे, शिंक आली की लघवी निसटते, हे कुणाला सांगायचं या लाजेत बरेच दिवस काढून शेवटी तिने हिंमत करून उपचार सुरू केलेत. हे वाचून ती परत गप्प बसायला निघाली होती, म्हणून लिहितेय आणि रागातच लिहितेय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी होणं निसर्गच आहे, प्रत्येकीला होतं, त्याला उपाय नसतो, आपोआप जातं. तरी काही करायचंच असेल तर दर वेळी लघवीला गेल्यावर धार तीन-चारदा मध्येच थांबवा, हाच फुकटातला फिजिओ. गरोदरपणात खालच्या स्नायूंचा व्यायाम केला तर ते कडक होऊन बाळ अडकतं. सिझर झालं असेल तर यातलं काहीच होत नाही. पाणी कमी प्या, पोट आवळून बांधा. आणि पेल्विक फिजिओ, म्हणजे या खालच्या स्नायूंचा व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपी, हा घाबरवून पैसे काढायचा धंदा.

प्रत्येकीला होतं आणि आपोआप जातं, यातलं अर्धं खरं आहे ते आधी मान्य करते. खूप जणींना होतं, आणि पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणींचं कमीही होतं, कारण ताणलेले स्नायू आणि नसा सावरायला, टाके भरून यायला वेळ लागतोच. पण तीन महिने उलटूनही जो त्रास टिकतो तो बऱ्याचदा पुढे वर्षानुवर्षं राहतो. आणि "उपाय नसतो" हे तर धडधडीत खोटं आहे. कॉक्रेन नावाची आंतरराष्ट्रीय संस्था एकेका उपचारावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून तपासते. त्यांचा 2018 चा रिव्ह्यू आहे, 31 चाचण्या, 14 देशांतल्या 1,817 बायका. खोकताना-शिंकताना लघवी निसटणाऱ्या ज्या बायकांनी पेल्विक फ्लोअरचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा, व्यायाम केला त्यांच्यात 100 पैकी 56 जणींनी त्रास पूर्ण गेल्याचं सांगितलं. ज्यांना हा व्यायाम दिला नव्हता त्यांच्यात किती? 100 पैकी 6. या सगळ्या बाळंतिणी नव्हत्या, वेगवेगळ्या वयांच्या होत्या, आणि हे आकडे व्यायामाचा कोर्स संपतानाचे आहेत, तेही सांगते. पण एवढा फरक समोर दिसत असताना बायकांना "सोडून द्या, चालायचंच" सांगणाऱ्यांचा मला खरंच संताप येतो. कारण सोडून द्यायचं म्हणजे काय, तर धावायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, बाहेर निघायच्या आधी टॉयलेट कुठे मिळेल हे शोधायचं, आणि हे तिशीतल्या बाईने पुढची सगळी वर्षं करायचं.

आता ती लघवी मध्येच थांबवायची गोष्ट. सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला हाच आहे आणि नेमका हाच सगळ्यांना पटतो, कारण ऐकायला सोपा आहे, पैसे लागत नाहीत, कुणाला सांगावंही लागत नाही. तर आत काय होतं ते बघा. ओटीपोटाच्या तळाशी पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते, मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर पेललेले असतात. लघवी होताना मूत्राशय आकुंचन पावतं आणि त्याच वेळी ही झोळी सैल सुटते, दोघांचा हा ताळमेळ मेंदू आणि मज्जारज्जू सांभाळतात. तुम्ही धार मध्येच आवळून थांबवली की मूत्राशयाला "थांब" असा उलटा निरोप जातो आणि ते आकुंचन पावणं सोडून देतं. एखाद्या वेळी, नेमका कुठला स्नायू आवळायचा हे कळावं म्हणून करून बघितलं तर ठीक आहे, काही बिघडत नाही. पण दर वेळी तीन-चारदा, रोज, महिनोन् महिने? मग लघवी पूर्ण होत नाही, आत शिल्लक राहते, साचलेल्या लघवीत इन्फेक्शनला वाव मिळतो, आणि मोकळं व्हायच्या वेळी सैल सुटायचं ही सवयच बिघडते. म्हणजे निसटणं थांबवायला गेलेली बाई लघवी नीट न होण्याचा नवीन त्रास घेऊन बसते.

बरं, नुसतं "खालून आवळा" सांगून पुरतं का, तर तेही नाही. 1991 मध्ये अमेरिकेत 47 बायकांना फक्त तोंडी सांगून हा व्यायाम करायला लावला आणि आत काय होतंय ते मोजलं. साधारण निम्म्याच जणींना तो नीट जमला, आणि चौथा हिस्सा बायका तर अशा पद्धतीने करत होत्या की लघवी निसटणं उलट वाढलं असतं, म्हणजे वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होत्या. माझ्या बहिणीचं हेच चाललं होतं, युट्यूब बघून श्वास रोखून ती चक्क कुंथत होती, आणि हे फिजिओने हाताने तपासलं तेव्हा कळलं. उपचार कसे द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या गाइडलाइनमध्येही हेच आहे, आधी स्नायू नीट आवळला जातोय का ते तपासा, मग किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ वेळा आवळणं. करताना गॅस आणि लघवी दोन्ही एकदम अडवल्यासारखं आत आणि वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, मांड्या-नितंब-पोट घट्ट करायचं नाही, आणि मग पूर्ण सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. खोकला-शिंक येतेय असं वाटलं की त्याच्या आधीच आवळून धरायचं, ही युक्ती शिकली की पुष्कळ जणींना लवकर फरक जाणवतो. आणि काही जणींचे स्नायू सैल नसतात, आधीच आखडलेले असतात, त्यांना संबंधांच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, टाक्यांच्या जागी ओढ बसते. त्यांनी आवळत राहिलं तर दुखणं वाढतं, त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं. "प्रत्येक बाईने हेच करावं" म्हणणाऱ्या मेसेजला हा फरक कुठून कळणार?

बाळ अडकण्याची भीती घालणं तर फारच वाईट. नॉर्वेतल्या 301 पहिलटकरणींचा अभ्यास 2004 मध्ये छापून आलाय, गरोदरपणात हा व्यायाम केलेल्यांची कळा देण्याची वेळ लांबली नव्हती, उलट ती फार लांबण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी होतं. शिवाय कॉक्रेनच्याच 2020 च्या दुसऱ्या रिव्ह्यूनुसार, ज्यांना त्रास नव्हता अशा गरोदर बायकांनी हा व्यायाम आधीपासून केला तर शेवटच्या महिन्यांत लघवी निसटण्याचा धोका 62 टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे ज्या काळात सुरू करायला हवा नेमक्या त्याच काळात हा मेसेज थांबवायला सांगतोय. वार खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, वेळेआधी कळांची शंका असेल तर चालण्यासकट सगळ्याच व्यायामाबद्दल आधी डॉक्टरांना विचारायचं, तो प्रश्न वेगळा.

सिझरवाल्या सुटल्या असंही नाही. नॉर्वेतच 15,307 बायकांचा मोठा अभ्यास झाला (2003), कसलीही लघवी निसटण्याचं प्रमाण मूल न झालेल्यांत 10.1 टक्के, सिझर झालेल्यांत 15.9 आणि नॉर्मल डिलिव्हरीत 21. कमी आहे हे मान्य, पण शून्य नाही. नऊ महिने वजन पेललेलं असतंच ना.

पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होऊन मूत्राशयाला जळजळ, त्यात बद्धकोष्ठ, मग शौचाला कुंथणं आणि त्या कुंथण्याचा जोर परत त्याच स्नायूंवर. पोटाला पट्ट्याने पहिले काही दिवस आधार वाटतो, सिझरनंतर तर बरंच वाटतं, वापरा. पण गरोदरपणात ताणून मधोमध दुभंगलेले पोटाचे स्नायू पट्ट्याने बळकट होत नाहीत, आणि फार करकचून आवळला तर आतला दाब खालीच जातो.

राहिला धंद्याचा आरोप. हो, काही जण महागडी मशीन आणि पॅकेजं गळ्यात मारतात, नाही म्हणत नाही. सगळ्याच बाळंतिणींना सरसकट हा व्यायाम दिल्याने किती फायदा होतो हेही त्या 2020 च्या रिव्ह्यूत स्पष्ट होत नाही. पण जिला त्रास आहे तिला नीट तपासून, संमती घेऊन, श्वास, पाठ, पोट, चालणं, बाळाला उचलायची पद्धत सगळं बघून शिकवणारी फिजिओ मिळाली तर तिला लुटारू म्हणू नका. आतून तपासणी नको असेल तर तसं सांगता येतं, बाहेरून किंवा सोनोग्राफीवरही बरंच कळतं.

बहिणीला मी हेच कळवलंय, चालू ठेव, आणि सोबत तो मेसेज लिहिणाऱ्याने जे सांगायला हवं होतं तेही. योनीत काहीतरी खाली आल्यासारखं, जड वाटत असेल, शौचावर किंवा गॅसवर ताबा राहत नसेल, लघवीत रक्त दिसत असेल, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवायचं. लघवी तुंबली किंवा लागल्याचं कळेनासंच झालं, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं.