केस कापू नका, आधी चष्मा बघा

गेल्या आठवड्यात सहावीच्या वर्गात एक मुलगी फळ्यावरची गणितं शेजारणीच्या वहीत बघून उतरवत होती. मागच्या वर्षी तिला चष्मा लागलाय हे मला माहीत होतं. विचारलं, "चष्मा कुठंय गं?" तिनं दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून डबी काढून दाखवली. "मग घालत का नाहीस?" जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मॅडम, केस तुटतात त्यात. आई म्हणते, एक तर केस काप, नाहीतर राहू दे तो चष्मा."

तिची वेणी कमरेच्या खाली जाते. रविवारी आजी तिला पुढ्यात घेऊन बसते, तेल लावते, उकलते, विंचरते. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, फार तर थोडा जास्त वाढतो. म्हणजे कमरेखाली गेलेलं तिच्या वेणीचं टोक ती अंगणवाडीत होती तेव्हा उगवलेलं आहे. ते कापून टाक म्हणणं किती सोपं, आणि ऐकणाऱ्या अकरा वर्षांच्या पोरीला ते किती जड! म्हणून तिनं दुसरा मार्ग घेतला. चष्मा डबीत ठेवला आणि शेजारणीची वही धरली.

मी तो चष्मा हातात घेऊन खिडकीपाशी नेला. नाकावर टेकणाऱ्या उजव्या पॅडच्या मागे केसांचा बारीक गुंता होता. डाव्या बिजागरीत दोन लांब केस. काडीच्या टोकाचं प्लास्टिक धातूपासून सुटून वर सरकलेलं. पोरगी खोटं बोलत नव्हती, नखरेही करत नव्हती. तो चष्मा खरोखर तिचे केस तोडत होता.

हे सगळं मी स्वतः भोगलंय म्हणून आज सविस्तर लिहिते. मला चष्मा लागून बावीस वर्षं झाली. केस पहिल्यापासून लांब. अमळनेरहून जळगावला पॅसेंजरनं रोज ये-जा करायचे तेव्हा खिडकीतून धुरळा यायचा. एका हातानं वरची कडी धरायची, दुसऱ्या हातानं चष्मा काढून ओढणीला पुसायचा. रोज कानाजवळचा एखादा केस चरकन तुटायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. वर्षभरानं आरशात बघितलं तर उजव्या कानाच्या पुढे आखूड तुटके केस उभे राहिलेले. डाव्या बाजूला तसं काही नव्हतं. मी चष्मा नेहमी उजव्या हातानं काढायचे, हे कोडं मला फार उशिरा सुटलं.

तेव्हा एका दुकानात गेले. दुकानाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण बहुतेक ठिकाणी हेच ऐकायला मिळतं. "मॅडम, केस बांधत जा." केस बांधलेलेच होते. मग त्यांनी स्प्रिंगवाल्या काडीची नवी फ्रेम दिली, चांगली म्हणून. तिनं त्रास आणखी वाढला. का वाढला ते मला बाजारपेठेतल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं समजावलं. काकांनी चष्मा माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि काडी हळूहळू बाहेरच्या बाजूला ताणून दाखवली. स्प्रिंगची काडी सरळ रेषेच्याही पुढे उघडते. तशी ती उघडली की आतल्या बाजूला, म्हणजे नेमकी केसांच्या बाजूला, बारीक फट पडते. एका हातानं चष्मा काढताना ती काडी अशीच ताणली जाते, केस फटीत शिरतो आणि काडी सुटली की फट टपकन मिटते. दाराच्या फटीत बोट सापडावं तसं. वर आपण चष्मा पुढे ओढतोच.

साध्या बिजागरीचंही थोड्याफार फरकानं तेच. ती तीन किंवा पाच बारीक कड्यांची असते आणि मधून स्क्रू जातो. स्क्रू घट्ट असेल तर कड्या एकमेकींना चिकटून राहतात. तो ढिला झाला की कड्यांमध्ये जागा होते आणि स्क्रूचं डोकंही वर येतं. केस जेमतेम ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाडीचा, त्याला कितीशी जागा लागणार?

आणि स्क्रू ढिला कशानं होतो? एका हातानं चष्मा काढल्यानं! रोज एकाच काडीवर ओढ येते आणि तीच बाजू सैल होते. म्हणून पहिली गोष्ट हात जोडून सांगते, चष्मा दोन्ही हातांनी काढा. दोन्ही काड्या कानाच्या पुढे धरा, किंचित वर उचला आणि चेहऱ्यासमोर सरळ पुढे काढा. आठ-दहा दिवस मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं, नंतर हाताला वळण लागतं.

आता नाकाच्या पॅडबद्दल, कारण माझ्या मते केसांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. धातूच्या फ्रेमला दोन बारीक तारा असतात आणि त्यांच्या टोकांना पॅड बसवलेले असतात. पॅड आणि तार यांच्यामध्ये खाच असते. चष्मा नाकावर असेपर्यंत तिथं केस जायचं काही कारण नाही. पण आपण तो डोक्यावर चढवतो! भरताची वांगी भाजताना धूर आला, वरणाच्या वाफेनं काचा धुरकटल्या, चष्मा डोक्यावर. चाळिशीनंतर, दूरचा नंबर असलेल्या माणसाला जवळचं वाचायला चष्मा नकोसा होतो, फोन आला की चष्मा डोक्यावर. मग खाली घेताना त्या दोन तारा केसांतून कोळप्यासारख्या फिरतात आणि पॅडमागच्या खाचेत पाच-सात केस एकदम गुंततात. केस ओले असतील तर आणखी वाईट. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि कमकुवतही असतो.

माझी आजी कधी शाळेत गेली नाही. पण मला डोक्यावर चष्मा चढवलेलं बघितलं की म्हणायची, "चष्मा डोयासले ऱ्हास व माय, डोकाले नही." तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे. डोक्यावर चढवून चढवून काड्या फाकतात, फ्रेम सैल होते, नाकावरून घसरते, आणि घसरते म्हणून आपण ती पुन्हा वर चढवतो. चष्मा काढायचाच असेल तर घडी करून डबीत ठेवा, नाहीतर दोरी लावून गळ्यात अडकवा.

आपल्याकडच्या उन्हाचाही यात वाटा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. घामानं पॅडखाली हिरवट थर साचतो. फ्रेमच्या मिश्रधातूत तांबं असेल तर घामानं ते असं हिरवं पडतं. पॅड पिवळे पडून कडक होतात, त्यांच्या कडा उचलल्या जातात, आणि अशी उचललेली कड केसाला धरतेच. पॅड बदलायला पाच मिनिटं लागतात. माझ्याकडून काकांनी जोडीचे तीस रुपये घेतले होते. बावीस वर्षांत मला किती जणांनी केस बांधायला, कापायला सांगितलं त्याचा हिशेब नाही. पॅड बदला म्हणून सांगणारे ते एकच.

चष्म्यात नेमका कुठं केस अडकतो हे शोधायची एक युक्ती सांगते. खान्देशात तर त्यासाठी काही विकतही आणावं लागत नाही. कापसाचा पुंजका घ्या, वातीसाठी ठेवलेला चालेल. बिजागरीवरून, पॅडच्या मागून, काडीच्या टोकावरून अलगद फिरवा. कापसाचा तंतू आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. जिथं तो धरला जाईल तिथं केस धरला जाणार असं समजा. नवीन चष्मा घेतानासुद्धा दुकानात कापूस फिरवून बघा. दुकानदार हसले तर हसू द्या. मी आता कापसाशिवाय फ्रेम घेत नाही.

स्क्रू सारखा ढिला होत असेल तर तो घट्ट करून त्याच्या डोक्यावर रंग नसलेल्या नेलपॉलिशचा अगदी छोटा थेंब लावतात. वाळला की स्क्रू जागेवर राहतो आणि त्याची धारही झाकली जाते. पण हे फक्त धातूच्या फ्रेमवर, आणि काचेपासून लांब. प्लास्टिकच्या फ्रेमजवळ नेलपॉलिश नको आणि नेलपॉलिश काढायचं द्रावण तर मुळीच नको. त्यातलं ॲसिटोन ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची फ्रेम विरघळवतं, पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच, काचाही खराब करतं. काडीच्या टोकाचं प्लास्टिक चिरलं असेल तर दुकानात नवी टोकं बसवून मिळतात.

ज्यांना नवी फ्रेम घ्यायचीच आहे त्यांनी नाकाचा भाग फ्रेममध्येच घडवलेली, पॅड नसलेली फ्रेम जरूर बघावी. केसांसाठी ती सगळ्यात निर्धोक. पण ती प्रत्येक नाकावर बसत नाही. लहान मुलांचं नाक वरच्या बाजूला बसकं असतं, त्यांच्या नाकावरून ती घसरू शकते. घालून, खाली वाकून, मान हलवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

या मुलीच्या चष्म्याची खरी चूक मापात होती. काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे छापलेले असतात, ते सहसा कोणी वाचत नाही. तिच्या काडीवर ५२, १८ आणि १४० होतं. म्हणजे काचेची रुंदी ५२ मिलिमीटर, दोन काचांमधलं अंतर १८ आणि काडीची लांबी १४०. हे मोठ्या माणसाचं माप आहे! काडीचा बाक कानावर यायचा तो कानाच्या बराच मागे, वेणी जिथून सुरू होते तिथं येत होता. फ्रेम सैल, म्हणून पोरगी दर दोन मिनिटांनी ती वर सारणार, आणि दर वेळी मागचं टोक केसांत घुसणार. घरच्यांनी "वाढतं वय आहे, दोन वर्षं चालेल" म्हणून मोठी फ्रेम घेतली होती. गणवेश आपण वाढत्या मापाचा घेतो, पण चष्म्याला ते लागू होत नाही. दुकानात त्यांना हे सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही.

माझा खरा राग इथं आहे. चष्मा देणारा नंबर तपासतो, काच घासतो, पैसे घेतो. समोरच्या मुलीची वेणी केवढी आहे, ती केस कसे बांधते, हे कोणी बघत नाही. मग त्रास झाला की दोष केसांवर येतो. केस म्हणजे मुलीचा हट्ट, तिची हौस, म्हणून कापायचं तिनं. पायाला चप्पल लागली तर आपण पाय कापत नाही ना? लांब केस राखणाऱ्या मुलांनाही हे तितकंच लागू आहे, फक्त त्यांना ऐकावं लागणारं बोलणं वेगळं असतं.

आणि चष्मा डबीत राहिला तर काय होतं ते पालकांनी नीट समजून घ्यावं. फळा दिसत नाही हे तर झालंच. पण काही मुलांच्या दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असतो. अशा मुलानं लहानपणी चष्मा घातला नाही तर मेंदू कमजोर डोळ्याकडून काम घेणं कमी करतो, तो डोळा आळशी होतो, आणि मोठेपणी हे भरून काढणं फार अवघड जातं. मूल चष्मा घालत नसेल तर रागावण्याआधी एकदा विचारा, "कुठं टोचतो? कुठं ओढतो?"

केस अडकलाच तर काय करायचं तेही सांगते. झटका देऊ नका. चष्मा एका हातानं डोक्याशीच धरून ठेवा, म्हणजे ओढ थांबते. दुसऱ्या हाताच्या चिमटीत तो केस मुळाच्या बाजूनं धरा. मग काडी अगदी हळू उघडा, मिटा, परत उघडा. ज्या फटीतून केस शिरला तिथूनच तो बाहेर येतो. येत नसेल तर खोबरेल तेलाचा एक थेंब. आणि तरीही नाही सुटला तर तेवढा एक केस अडकला आहे तिथंच कात्रीनं कापा. मुळापासून उपटण्यापेक्षा ते बरं. केस मोकळे असतील तर आधी चष्मा घाला, काड्या कातडीला लागून कानावर बसवा आणि मग केस त्यांच्यावरून सोडा. तेल लावलं असेल तर रात्री फ्रेम साध्या साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडी करा, नाहीतर तेलानं पॅड नाकावरून घसरतात आणि सगळं चक्र पुन्हा सुरू.

त्या मुलीच्या आईला मी शाळेत बोलावलं. त्या वैतागल्या होत्या, पण ऐकून घेतलं. "ताई, केसांना हात लावू नका, महिनाभर मला द्या," म्हटलं. शनिवारी दुपारी तो चष्मा घेऊन मी त्याच काकांकडे गेले. त्यांनी काड्या गरम करून बाक पुढे घेतला, जास्तीची लांबी कमी केली, नवे पॅड आणि नवी टोकं बसवली. सोमवारी मधल्या सुट्टीत पोरीनं स्वतः कापूस फिरवून बघितला. कुठंच धरला नाही. तेव्हापासून चष्मा नाकावर आहे. पुढची फ्रेम तिच्या मापाची घ्यायची हे आईनंही मान्य केलंय.

काल शाळा सुटताना तिची आजी फाटकापाशी उभी होती. पदराच्या गाठीतून स्वतःचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. एका काडीला दोरा गुंडाळलेला. म्हणाली, "मन्हा बी दखी दे व माय."

बिजागरीत एक लांब पांढरा केस होता.